ह्यूस्टनचे हवामान आणि परसबाग: वेळापत्रक कोणते धरावे?

बकुळ (शुगरलँड)

ह्यूस्टन परिसरात घरामागच्या जागेत भाजी लावणाऱ्या मराठी मंडळींचे प्रश्न ऑगस्टच्या सुमारास बहुतेक सारखेच असतात. टोमॅटोला फुले येतात पण फळ धरत नाही, मेथी उगवते आणि आठवड्याभरात जळून जाते, वालाचा वेल कुंपण ओलांडून शेजाऱ्याकडे पोहोचतो आणि त्यावर एकही शेंग दिसत नाही. या साऱ्या तक्रारींच्या मुळाशी चुकीचे वेळापत्रक आहे, असे माझे मत आहे. ते सविस्तर मांडावे आणि इतरांचे अनुभव त्यात मिळावेत, म्हणून हा धागा सुरू करते आहे.

बियाण्यांच्या पाकिटावर छापलेले वेळापत्रक मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांसाठी असते. तेथे वसंतात लावायचे आणि बर्फ पडण्यापूर्वी आवरायचे, असा एकच हंगाम असतो. आपल्या मनात बसलेले पुण्या-नाशिकचे वेळापत्रकही येथे जसेच्या तसे उपयोगी पडत नाही. मात्र त्यामागची चौकट, म्हणजे खरीप आणि रब्बी असे दोन हंगाम आणि प्रत्येकाची वेगळी पिके, ही ह्यूस्टनला फार चांगली लागू पडते. फरक इतकाच की, आपल्याकडे हंगामाची सुरुवात पाऊस ठरवतो आणि येथे ती रात्रीचे तापमान ठरवते.

पावसाने येथे हंगाम का ठरत नाही, ते पाहू. ह्यूस्टनला वर्षाकाठी सरासरी पन्नास इंच, म्हणजे सुमारे १,२७० मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्यापेक्षा तो बराच अधिक आहे, मुंबईपेक्षा बराच कमी. पण मुंबई-पुण्यात तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो, तर येथे प्रत्येक महिन्याच्या वाट्याला सरासरी तीन इंच किंवा त्याहून अधिक येतो. सरासरी मात्र फसवी असते. २०११ साली टेक्सासने भीषण दुष्काळ पाहिला आणि ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वी वादळाने काही दिवसांत शहराच्या अनेक भागांवर तीस इंचांहून जास्त पाणी ओतले. पावसाची तारीख धरून पेरणी करण्याची सोय येथे नाही.

तापमानाचे तसे नाही, त्याला बरीच शिस्त आहे. जून ते सप्टेंबर दिवसाचे तापमान ९० अंश फॅरनहाइटच्या (३२ सेल्सियसच्या) वर राहते. जुलै-ऑगस्टमध्ये ते सरासरी ९५ अंशांच्या आसपास असते आणि, बागेच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे म्हणजे, रात्रीही ते ७५ अंशांखाली (२४ सेल्सियसखाली) फारसे उतरत नाही. मेक्सिकोच्या आखातावरून येणारी दमट हवा रात्रीची उष्णता बाहेर पडू देत नाही. पुण्यात एप्रिलची दुपार कितीही कडक असली तरी पहाटे झाडाला उसंत मिळते, ती येथे मिळत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये पारा १०९ अंशांवर, म्हणजे ४२.८ सेल्सियसवर गेला आणि शहराच्या जुन्या उच्चांकाशी बरोबरी झाली. त्या उन्हाळ्यात भेंडी आणि गवार उभी राहिली, मिरचीने फुले गाळली आणि कोवळी रोपे सावलीच्या जाळीखालीही तगली नाहीत.

आता खरीप. मार्चअखेरीस किंवा एप्रिलच्या प्रारंभी माती ६५ अंशांच्या (१८ सेल्सियसच्या) वर स्थिर झाली की भेंडी, गवार, चवळी, दुधी, दोडके, घोसाळी, कारली, पडवळ, वांगी, माठ, अंबाडी, हळद आणि आले हे सारे लावता येते. ही आपली माणसे आहेत असे मी म्हणते, कारण येथील मूळचे बागकाम करणारे जुलैत वाफे रिकामे ठेवतात आणि आपले मांडव तेव्हाच भरात येतात. गवारीची तर टेक्सासच्या उत्तर भागात, डिंकासाठी का होईना, शेतीही होते. उन्हाळ्यात पालकाचा हट्ट धरू नये. मायाळू लावावी. ती कुंपणावर चढते, जितकी खुडाल तितकी फुटते आणि डाळीत घातली की पालकाची उणीव भासत नाही. झुकिनी आणि भोपळ्याच्या काही जातींच्या खोडात येथे एक अळी शिरते आणि भरात आलेला वेल दोन दिवसांत माना टाकतो. दुधी आणि दोडका यांना तिचा उपद्रव फारसा होत नाही, म्हणून वेलवर्गातून निवड करायची असेल तर या दोघांना पहिला मान द्यावा.

रब्बी ऑक्टोबरमध्ये सुरू होते. उत्तरेकडून कोरड्या, थंड हवेचे पहिले झोत साधारणतः सप्टेंबरच्या अखेरीस येतात आणि एका रात्रीत हवेतील ओलावा उतरतो. तेथून मार्चपर्यंत मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा, गाजर, बीट, कोबी, फुलकोबी, मटार, कांदा, शेपू, राई असे सगळे घेता येते. माझ्या मते ह्यूस्टनमधील खरा उत्तम हंगाम हाच आहे. किडी कमी, तण कमी, पाणी कमी, आणि माणसालाही बाहेर काम करवते. तरीही आपल्यापैकी बरेच जण मार्चमध्ये उत्साहाने बाग सुरू करतात, जुलैत दमतात आणि ऑक्टोबरमध्ये, म्हणजे नेमके लावायच्या वेळी, बाग बंद करून बसतात.

आता वालाबद्दल. ह्यूस्टन सुमारे ३० अक्षांशावर आहे, म्हणजे पुण्याच्या बरेच उत्तरेला, दिल्लीच्याही थोडे पलीकडे. पुण्यात वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा असतो, येथे तो चौदा तासांचा होतो. वाल, पावटा आणि अंबाडी यांना फुलण्यासाठी दिवस लहान व्हावा लागतो. कोकणात भात काढल्यावर जमिनीतील ओलाव्यावर वाल घेतात, तेव्हा दिवस आपोआपच लहान असतो. येथे एप्रिलमध्ये लावलेला वेल सप्टेंबरपर्यंत नुसता पानांवर जातो आणि जागा, पाणी, खत खातो. तो जुलैत लावावा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेंगा मिळतात आणि थंडीची पहिली लाट येईपर्यंत तोडणी चालते. दिवसमानाचा हाच नियम कांद्याला उलट्या बाजूने लागतो, त्याविषयी पुढे कोणी विचारल्यास लिहीन.


केटीकर

बकुळताई, खरीप-रब्बीची चौकट पटली. तिच्यात मातीची भर घालतो, कारण वेळ अचूक साधूनही माती तयार नसेल तर हाती काही लागत नाही.

या भागातील चिकणमातीला येथे ‘गंबो’ म्हणतात. ओली असताना ती फावड्याला चिकटून सुटत नाही आणि सुकली की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्यांना ही माती ओळखीची वाटेल, कारण गुणधर्माने ती आपल्या काळ्या रेगूर मातीच्या जवळची आहे. दोहोंतील चिकण ओलाव्याने फुगते आणि कोरडी पडली की आक्रसते. आपली काळी माती बेसाल्ट खडक झिजून तयार झाली, तर येथील माती नद्यांनी आखाताच्या किनारी आणून टाकलेल्या गाळाची आहे. घरांच्या पायाला तडे जाण्यामागेही मातीचे हेच फुगणे-आक्रसणे असते.

ही माती निकस नाही, तिच्यात अन्नद्रव्ये भरपूर आहेत. अडचण निचऱ्याची आहे. जमीन इतकी सपाट आहे की एका जोराच्या सरीनंतर पाणी दोन-दोन दिवस उभे राहते आणि मुळे गुदमरतात. त्यामुळे भुईसपाट वाफ्यांचा नाद सोडून कमीत कमी दहा-बारा इंच उंचीचे गादीवाफे करावेत. त्यात कंपोस्ट सढळ घालावे आणि दर हंगामाला भर द्यावी, कारण येथील उष्ण-दमट हवेत सेंद्रिय पदार्थ फार झपाट्याने कुजून संपतो. वाळू मिसळण्याचा सल्ला अनेक ठिकाणी वाचायला मिळतो, तो मानू नये. चिकणमातीत थोडी वाळू गेली की माती विटेसारखी घट्ट बसते. खोदकाम वाफसा आल्यावरच, म्हणजे माती ना चिकट ना कोरडी अशी झाल्यावरच करावे, हे आपल्या शेतकऱ्यांना सांगावे लागत नाही, येथे मात्र आवर्जून सांगावे लागते. पावसाच्या दुसऱ्याच दिवशी वाफ्यात पाय दिला की त्या हंगामापुरती मातीची रचना बिघडते.

आच्छादनासाठी विकत काही आणण्याची गरज नाही. आपल्या रस्त्यांवरचे सदाहरित ओक वृक्ष शरदात पाने गाळत नाहीत, ते फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी पालवी फुटताना जुनी पाने टाकतात. नेमके त्याच वेळी खरिपाचे वाफे तयार करायचे असतात आणि शेजारी पाने पिशव्यांत भरून कचऱ्यासाठी रस्त्याकडेला ठेवतात. विचारून घ्यावीत, कोणी नाही म्हणत नाही. फक्त त्या हिरवळीवर तणनाशक मारलेले नाही ना, याची खात्री करून घ्यावी.


नवी_बाग

माहितीबद्दल दोघांचेही आभार. आम्ही याच वर्षी सायप्रस भागात राहायला आलो आहोत. माझे दोन प्रश्न आहेत. टोमॅटो खरिपात धरायचा की रब्बीत? आणि भारतातून कढीपत्त्याचे रोप किंवा निदान बी आणता येईल का? येथे रोपांची किंमत फार सांगतात.


बकुळ (शुगरलँड)

टोमॅटो या दोन्ही हंगामांच्या मधल्या फटीत बसतो. रात्रीचे तापमान ७५ अंशांच्या वर राहू लागले की त्याचे परागकण निकामी होतात आणि फूल गळते. दमट हवेत परागकण एकमेकांना चिकटतात, त्यामुळे उरलीसुरली फळधारणाही थांबते. दुसऱ्या बाजूने, कडाक्याची थंडी पडली की झाडच जाते. या दोहोंच्या मध्ये येथे दोन छोटे हंगाम मिळतात.

पहिल्यासाठी जानेवारीच्या आरंभी घरात, खिडकीशी किंवा दिव्याखाली बी रुजवावे आणि फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत रोपे बाहेर लावावीत. एप्रिलमध्ये दुकानांत मोठी, फुललेली रोपे मोहक दिसतात, पण त्यांच्या हाती फळ धरायला पाच-सहा आठवडेच उरलेले असतात. या पहिल्या हंगामाचे फळ जूनअखेर संपते. मग झाड उपटून टाकावे, जुलै-ऑगस्टमध्ये त्याला जगवत बसण्यात पाणी जाते आणि पाय पसरट असलेल्या त्या करड्या ढेकणांची पैदास तेवढी वाढते. दुसऱ्या हंगामासाठी जूनमध्ये बी रुजवून जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये रोपे लावावीत आणि पहिले काही आठवडे दुपारची सावली द्यावी. नोव्हेंबरमध्ये फळ येते, ते पहिल्या थंडीपूर्वी हिरवे असले तरी उतरवावे. मोठ्या फळांच्या जातींपेक्षा लहान, चेरी जातीचे टोमॅटो उष्णता अधिक सोसतात, म्हणून नवख्याने त्यांच्यापासून आरंभ करावा.

कढीपत्त्याविषयी येथील जाणकारांनीच लिहावे.


लिंबोणी (पेअरलँड)

कढीपत्ता हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

प्रथम कायद्याची बाजू. भारतातून कढीपत्त्याचे रोप किंवा ताजी पाने आणण्यास मनाई आहे. इतर बियाण्यांसाठीही परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. सामानात चार बिया लपवून आणणे हा लहानसा अपराध वाटतो, पण त्यामागचे कारण गंभीर आहे. कढीपत्ता आणि लिंबूवर्गीय झाडे एकाच कुळातील आहेत. सिला नावाचा एक बारीक किडा दोन्हींच्या कोवळ्या फुटव्यावर वाढतो आणि लिंबूवर्गीय झाडांना मारून टाकणारा, ‘ग्रीनिंग’ नावाचा रोग पसरवतो. फ्लोरिडातील संत्र्यांच्या बागा या रोगाने उद्ध्वस्त केल्या आणि २०१२ साली तो टेक्सासमध्येही आढळला. त्यावर औषध नाही. म्हणूनच टेक्सासच्या कृषी खात्याने अशा झाडांच्या ने-आणीवर निर्बंध घातले आहेत, आणि ते कढीपत्त्यालाही लागू आहेत. मित्राकडून फुटवा आणण्यापूर्वी आपला भाग निर्बंधित क्षेत्रात येतो का, हे पाहून घ्यावे आणि रोप नोंदणीकृत रोपवाटिकेतूनच घ्यावे. किंमत अधिक असण्यामागे हेही एक कारण आहे. रोप एकदा रुजले की कुटुंबाला पुरून उरेल इतका पाला देते, तेव्हा ती किंमत मला जास्त वाटत नाही.

आता थंडी. ह्यूस्टनचा हिवाळा सरासरीने सौम्य आहे, जानेवारीतही रात्रीचे तापमान सरासरी ४४ अंशांच्या (६-७ सेल्सियसच्या) आसपास असते. घात होतो तो अचानक येणाऱ्या लाटेने. १६ फेब्रुवारी २०२१ रोजी शहराच्या मुख्य विमानतळावर १३ अंश फॅरनहाइट, म्हणजे उणे साडेदहा सेल्सियस तापमान नोंदले गेले. डिसेंबर २०२२ मध्ये पारा १५ अंशांपर्यंत घसरला आणि जानेवारी २०२५ मध्ये चक्क बर्फ पडला. उत्तरेत झाडे हळूहळू गारठ्याला सरावतात. येथे आदल्या आठवड्यात ७५ अंश असतात, झाडात रस वाहत असतो, कोवळी पालवी असते आणि चोवीस तासांत सगळे गोठते. २०२१ च्या लाटेने या परिसरातील असंख्य लिंबू-संत्र्यांची झाडे मेली, ती यामुळेच.

कढीपत्ता, मोगरा आणि आंबा कुंडीत ठेवावेत आणि रात्रीचे तापमान ४० अंशांखाली जाणार असे दिसले की गॅरेजमध्ये न्यावेत, हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. जमिनीत लावलेल्या झाडासाठी लाटेच्या आदल्या दिवशी बुंध्याशी भरपूर पाणी द्यावे, कारण ओली माती दिवसाची ऊब धरून ठेवते. बुंध्याभोवती फूटभर उंच पालापाचोळा रचावा. झाडावर जुनी चादर जमिनीपर्यंत पोहोचेल अशी टाकावी म्हणजे मातीची ऊब आत राहते. प्लॅस्टिक पानांना टेकू देऊ नये, जेथे टेकते तेथे पान जळते. आतमध्ये जुन्या पद्धतीच्या, तापणाऱ्या दिव्यांची माळ सोडली तर दोन-चार अंशांचा फरक पडतो. नव्या एलईडी माळांचा उपयोग नाही, त्या तापत नाहीत.

लाट ओसरल्यावर काळी पडलेली फांदी पाहवत नाही आणि हात कात्रीकडे जातो. तो आवरावा. मेलेल्या फांद्या पुढच्या लाटेत खालच्या जिवंत भागाला आडोसा देतात आणि छाटणीने फुटवा जागा होतो, तो पुढच्या थंडीत मरतो. मार्चअखेर वाट पाहून, नखाने साल खरवडून हिरवे कोठवर आहे ते पाहावे आणि मगच छाटावे. कढीपत्ता आणि शेवगा मुळापासून पुन्हा फुटतात. कलमी संत्र्याच्या बाबतीत मात्र फुटवा कलमाच्या सांध्याच्या वरून आला आहे का, हे पाहावे. खालून आलेल्या फुटव्याला तीन-तीन दले असलेली पाने आणि लांब काटे दिसले, तर तो खुंटरोपाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधले त्या झाडाचा आहे, त्याला येणारे फळ खाण्याजोगे नसते.


खाडीकाठ (गॅल्व्हेस्टन)

लिंबोणींच्या लेखनाला एक पुरवणी जोडते. ‘ह्यूस्टनचे तापमान’ असे एकच तापमान नसते. समुद्राने वेढलेल्या गॅल्व्हेस्टन बेटावर पाणी गोठण्याइतकी थंडी क्वचितच पडते. शहराच्या मध्यवर्ती भागात काँक्रीटची ऊब असते. उत्तरेला कॉन्रो, टॉमबॉलकडे त्याच रात्री पारा पाच-सात अंशांनी खाली असू शकतो. शेवटची थंडी मध्य शहरात बहुतेक वर्षी फेब्रुवारीच्या मध्यास संपते, उत्तरेच्या उपनगरांत मार्चचा पहिला आठवडाही धोक्याचा असतो. एक साधा तापमापक स्वतःच्या अंगणात टांगावा आणि त्यावर विश्वास ठेवावा. सार्वजनिक अंदाजांपैकी ‘स्पेस सिटी वेदर’ हे संकेतस्थळ मला उपयोगी वाटते, कारण ते विनाकारण घाबरवत नाही आणि लाट खरोखर येणार असेल तर भागवार तापमान सांगते.

येथील जुने लोक पेकान वृक्षाकडे पाहतात. तो इतर झाडांच्या मागून पालवतो आणि त्याची पालवी फुटली म्हणजे हिवाळा संपला असे मानतात. भेंडीचे बी मी त्यानंतरच टोकते.


केटीकर

बकुळताईंच्या एका मुद्द्यावर माझे वेगळे मत आहे. जुलै-ऑगस्टमध्ये सगळे वाफे मांडवांनी भरलेले असावेत, असा त्यांच्या लिहिण्याचा सूर आहे. माझ्या मते निम्मे वाफे त्या काळात विश्रांतीला सोडावेत आणि त्यांत बोरू, म्हणजे ताग, पेरावा. टेक्सासमध्ये त्याचे बी मिळते. तो येथील उष्णतेत माणसाच्या उंचीएवढा वाढतो, तणाला जागा देत नाही आणि फुलावर येण्यापूर्वी कापून मातीत गाडला की रब्बीसाठी नत्र आणि सेंद्रिय पदार्थ दोन्ही मिळतात. आपल्याकडचे हे जुने हिरवळीचे खत आहे. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींनाही, म्हणजे मातीतल्या अतिसूक्ष्म कृमींनाही, तो आळा घालतो. येथील उबदार मातीत त्यांचा उपद्रव मोठा आहे आणि भेंडी त्यांना फार लवकर बळी पडते. एकाच वाफ्यात दर वर्षी भेंडी घेतली की तिसऱ्या वर्षी झाडे खुरटतात. मुळे उपटून पाहिल्यास गाठी दिसतात.


बकुळ (शुगरलँड)

केटीकर, हे मान्य आहे, विशेषतः ज्यांच्याकडे चारपेक्षा अधिक वाफे आहेत त्यांच्यासाठी. ज्यांचा एकच वाफा आहे त्यांनी भेंडीच्या जागी पुढच्या वर्षी चवळी आणि नंतर माठ, असा फेरपालट तरी नक्की करावा. शिवाय सूत्रकृमींसाठी येथील उन्हाळ्याचाच उपयोग करता येतो. रिकामा वाफा भिजवून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून चार ते सहा आठवडे कडा मातीने बंद ठेवल्यास वरच्या थरातील कीड आणि तणाचे बी बऱ्याच प्रमाणात मरते. काळे प्लॅस्टिक तितके तापत नाही.


माहेरवाशीण

ऋषिपंचमी जवळ आली आहे, म्हणून अळूविषयी लिहिते. बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, परसात हाताने पिकवलेलेच खायचे, हा त्या दिवसाचा नियम. आणि अळू, भेंडी, दोडका, पडवळ, माठ, चवळी, मका ही ऋषीची भाजी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये ह्यूस्टनच्या परसात खरोखरच मिळते. परदेशात सणाची भाजी दुकानावर अवलंबून न राहता पूर्ण करता येते, याचे मला मोठे समाधान आहे.

अळूला येथील दमट हवा मानवते. वातानुकूलन यंत्राचे पाणी जेथे ठिबकते त्या कोपऱ्यात ते न सांगता वाढते. दोन गोष्टींची काळजी घ्यावी. रोपवाटिकांत ‘एलिफंट इअर’ या एकाच नावाखाली अनेक शोभेच्या जाती विकतात. त्यांतील पुष्कळशा खाण्याच्या नाहीत, त्यांच्या पानांतील सुईसारख्या स्फटिकांनी घसा सोलवटतो. कंद खाण्यासाठी विकणाऱ्या दुकानातून, उदाहरणार्थ हिलक्रॉफ्टवरच्या महात्मा गांधी डिस्ट्रिक्टमधील भाजीवाल्यांकडून, घ्यावा आणि तो रुजवावा. दुसरे असे की, ह्यूस्टनच्या ओढ्यांच्या काठी जंगली अळू बेसुमार माजले आहे आणि ते स्थानिक पाणवनस्पतींना गुदमरवते. आपल्या अळूचे गड्डे किंवा उपटलेली रोपे ओढ्यात किंवा पावसाच्या गटारात टाकू नयेत. वाळवून बंद पिशवीत कचऱ्यात द्यावीत. काठावर फुकट दिसणारे अळू वडीसाठी तोडून आणू नये, त्याची जात आणि त्या पाण्यात काय मिसळले आहे, दोन्ही आपल्याला माहीत नसते.


लिंबोणी (पेअरलँड)

चक्रीवादळांचा काळ १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरला जातो आणि आता त्यातला सर्वांत धोक्याचा टप्पा सुरू आहे. जुलै २०२४ मधील बेरिल वादळात लाखो घरांची वीज गेली होती, हे अनेकांना आठवत असेल. वादळाची सूचना मिळाली की मांडवावरचे मोठे दुधी उतरवावेत, सुट्या कुंड्या आणि काठ्या आत घ्याव्यात, कारण सुटी काठी खिडकी फोडते. पाणी वाफ्यात शिरलेच, तर त्या पाण्याचा स्पर्श झालेली पालेभाजी आणि फळे कितीही धुतली तरी खाऊ नयेत. शहरातील पुराच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेले असते. पाणी ओसरल्यावर बशा, कुंड्यांखालच्या थाळ्या रिकाम्या कराव्यात, डास तेथेच होतात.


नवी_बाग

आता ऑगस्टचा शेवट आहे. माझ्याकडे दोन रिकामे गादीवाफे आहेत. लगेच काय करू आणि कशासाठी थांबू? बकुळताईंनी कांद्याविषयी लिहिण्याचे कबूल केले होते, तेही वाचायला आवडेल.


बकुळ (शुगरलँड)

एका वाफ्यात या आठवड्यातच वांग्याची आणि चेरी टोमॅटोची रोपे लावावीत, वर जाळीची सावली करावी. दुसऱ्यात कंपोस्ट मिसळून, पानांचे आच्छादन घालून तो सप्टेंबरअखेरपर्यंत ओलसर ठेवावा.

मेथी आणि कोथिंबिरीची घाई करू नये. माती ८५ अंशांच्या (२९ सेल्सियसच्या) वर असताना धने नीट रुजत नाहीत आणि रुजले तरी झाड पाने न देता तुऱ्यावर येते. ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, पहिला कोरडा झोत येऊन गेल्यावर, धने चोळून दोन भाग करून पेरावेत. सगळे एकदम न पेरता दर तीन आठवड्यांनी एक ओळ पेरली की मार्चपर्यंत खंड पडत नाही. हलक्या थंडीने या दोन्हींचे, तसेच पालक, मुळा आणि कोबीचे काही बिघडत नाही, मोठी लाट आली तरच झाकावे.

कांद्याला गड्डा धरण्यासाठी दिवस मोठा व्हावा लागतो, पण किती मोठा, हे जातीवर अवलंबून असते. उत्तरेतील जातींना चौदा तास किंवा त्याहून मोठा दिवस लागतो. तो येथे जेमतेम जूनमध्ये आणि तोही कडक उन्हाळ्यात मिळतो, म्हणून त्या जाती नुसती पात देतात. येथे कमी दिवसमानाच्या जाती घ्याव्यात, जशा आपल्या नाशिककडच्या असतात. टेक्सासमधील ‘१०१५’ ही गोड, पिवळी जात त्यासाठी प्रसिद्ध आहे. तिच्या नावातच पेरणीची तारीख आहे, दहाव्या महिन्याची पंधरा. बी त्या सुमारास पेरावे, किंवा डिसेंबर-जानेवारीत दुकानात येणाऱ्या रोपांच्या जुड्या आणून चार-चार इंचांवर, उथळ लावाव्यात. मे महिन्यात पात आपोआप आडवी पडली की पाणी तोडावे आणि कांदे काढून पंख्याखाली, सावलीत पसरून सुकवावेत. येथील दमट हवेत ते बाहेर सुकत नाहीत, मानेशी ओले राहून सडतात.

कांदे निघाले की त्याच वाफ्यात चवळी टोकता येते.